बापूरावांचे पावसाळे

मोहटोल्यात वाद कसलाही असो, बैल कोणाच्या बांधीत शिरला याचा असो की विहिरीवर आधी कोणाची बादली याचा, तो शेवटी बापूराव लोणाऱ्यांच्या एका वाक्याशी येऊन थांबायचा. "मी तुह्यापेक्षा जास्त पावसाळे पाह्यले," असं बापूराव म्हणायचे आणि समोरचा गप्प बसायचा. त्याला पटलेलं असायचंच असं नाही. पण बापूरावांना उत्तर द्यायचं तर तेवढाच मोठा आवाज हवा, आणि तसा आवाज नागभीडपासून चिमूरपर्यंत कोणाजवळ नव्हता.

तो आवाज आलापल्लीच्या जंगलात तयार झाला होता. तरुणपणापासून बरीच वर्षं बापूराव तिथल्या सागवानाच्या डेपोवर मुकादम होते. मोठा ओंडका गाडीवर चढवायचा तर सगळ्या मजुरांचा जोर एका दमात लागावा लागतो, आणि तो दम मुकादमाच्या हाकाऱ्यावर चालतो. छप्पन्न साली चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा हाच आवाज त्यांनी धम्माच्या कामाला लावला. गावात त्रिशरण-पंचशील सगळ्यात आधी पाठ झालं ते त्यांचंच. पाली शब्द कुठे लांबवायचे आणि कुठे तोडायचे हे तेव्हा कोणालाच धड ठाऊक नव्हतं, म्हणून बापूराव ज्या चालीत म्हणत तीच मोहटोल्याची चाल झाली. आजही त्या गावची माणसं वंदनेला बसली की ओंडका उचलल्यासारखा जोर लावतात.

विहार आधी कुडाचा होता. मग विटांचा झाला, टिनाचं छत आलं, बुद्धाची मूर्ती आली. या सगळ्याच्या पुढे बापूराव होते. विहार समितीचे अध्यक्ष तेच, लग्न लावणारे आणि बारसं करणारे बौद्धाचार्य तेच, मयतीला चार शब्द बोलणारे तेच, पौर्णिमेला वंदना घेणारेही तेच. हे सगळं त्यांनी बळकावलं होतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. कोणी पुढे येत नव्हतं तेव्हा ते आले होते. फक्त नंतर कोणी पुढे यायला लागलं तरी ते मागे सरकले नाहीत, एवढंच.

शेजारच्या गोंडटोल्यातला लालसू त्यांचा जुना सोबती. त्याच्या घराण्यात गावदेवाच्या पुजाऱ्याचं, म्हणजे भुमकाचं, काम बापाकडून मुलाकडे येत गेलेलं. लालसूचा बाप भुमक होता, आता लालसू होता.

"आमच्यात तसं नाई," बापूराव त्याला मोठ्या अभिमानाने सांगायचे. "आमच्यात जन्मानं कोणी पुजारी नाई. ज्याले येते त्यानं करावं."

"अन् तुलेच येते?"

"मलेच येते."

"मंग आमच्यात अन् तुमच्यात फरक थोडाच हाय," लालसू म्हणायचा आणि बिडी पुढे करायचा. बापूराव बिडी घ्यायचे, पण त्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे नाहीत.

शहाऐंशी साली, बुद्धपौर्णिमा आटोपल्यावर समितीची बैठक बसली. सेक्रेटरी होत्या सत्यशीला मेश्राम. गावच्या शाळेत शिकवायच्या आणि मोजकं बोलायच्या. त्यांनी प्रस्ताव मांडला की आपल्या विहारात यंदा एका भिक्खूंचा वर्षावास व्हावा. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, पावसाळा संपेपर्यंत, भिक्खू एका जागी मुक्काम करतात. गावाने त्यांचं जेवणखाण बघायचं, त्यांनी गावाला धम्म सांगायचा. बैठकीला कल्पना पसंत पडली. बापूरावांनाही पडली. नागपूरहून कधीमधी एखाददुसरे भंते दिवसभरासाठी येत, आणि त्यांच्यापुढे बापूराव मनापासून वाकत. भंते आपल्या वर असतात आणि आपण बाकी सगळ्यांच्या वर असतो, अशी त्यांच्या मनाची मांडणी होती आणि ती त्यांना सुखाची होती.

"कोण येऊन राह्यले?" त्यांनी विचारलं.

"भंते गुणशील."

"नाव चांगलं हाय. कुठचे हायेत?"

सत्यशीलाबाईंनी सांगितलं, "इथचेच हायेत, अध्यक्षभाऊ. आपला गुलाब. वच्छलाबाईचा."

सगळ्यांच्या माना बापूरावांकडे वळल्या. कारण गुलाब कोण हे सगळ्यांना माहीत होतं. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तो बापूरावांकडे सालदार होता. बापूराव आठ महिने आलापल्लीला, मग घरच्या धानाच्या बांध्या बघायला सालाने ठेवलेला गडी. हाडापेराने मजबूत, पण स्वभावाने मंद. नांगर उभा करून बगळ्यांकडे बघत बसायचा. पावसाळ्यात डेपो बंद झाला की बापूराव घरी यायचे आणि मग त्यांचा सगळा आवाज एकट्या गुलाबच्या वाट्याला यायचा. "गुलब्या" अशी हाक धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, सुटली की शेजारच्या शेतातल्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायासुद्धा दचकायच्या. दोन सालं काढून तो नागपूरला गेला, गिरणीत लागला म्हणे, आणि मग चीवर घेऊन तो भिक्खू झाल्याची बातमी आली. बापूराव तेव्हा हसले होते. झोपाळू माणसाला ध्यान बरं जमेल, असं ते म्हणाले होते.

आता हसू येत नव्हतं. भिक्खू विहारात आले की उंच आसनावर बसतात. गाव खाली चटईवर बसतं, तीनदा वाकून वंदन करतं, आणि हात जोडून त्यांच्याकडे पंचशील मागतं. गावात सगळ्यात पुढे बसणारा, सगळ्यात आधी वाकणारा माणूस म्हणजे अध्यक्ष. बापूरावांना ते चित्र बैठकीतच दिसलं.

घरी येऊन त्यांनी अंजनाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला सांगितलं.

"वाकले त काय झिजते तुमचं, अजी?" अंजनाबाई म्हणाल्या.

"माह्या ओसरीवर जेवलेला पोट्टा हाय तो. माह्या घरचा भात खाल्ला त्यानं."

"कष्ट करून खाल्ला."

"मी एकसष्ट पावसाळे पाह्यले, अंजना. त्यानं किती पाह्यले?"

अंजनाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. या वाक्यापुढे बोलायचं नसतं, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

चार दिवस बापूराव जेवणावरून लवकर उठत होते. पाचव्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा उजळला. डेपोवर अडकलेला ओंडका कसा फिरवायचा हे सुचलं की जसा उजळायचा, तसा. युक्ती साधी होती. चिमूरजवळ पुढच्या महिन्याच्या अखेरीस दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर होतं. घरदार असलेल्या माणसाने डोकं मुंडून, चीवर घालून दहा दिवस भिक्खूंसारखं राहायचं आणि मग परत प्रपंचात यायचं, असा तो रिवाज. बापूरावांनी ठरवलं की चीवर घ्यायचं आणि उतरवायचंच नाही. गुलब्या यायच्या आधी आपण विहारात आसनावर बसलेले असू. तोही चीवरात, आपणही चीवरात. मग कोणी कोणापुढे वाकायचं? ज्याने जास्त पावसाळे पाहिले त्याच्यापुढे.

शिबिराच्या ठिकाणी मोठी अडचण आली ती पहिल्याच तासाला. तिथले महाथेर, म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ भिक्खू, एकेकाला समोर घेऊन विचारत होते. तब्येत कशी, कोणाचं देणं नाही ना, सरकारी चाकरीतून पळून आला नाही ना. बापूरावांची उत्तरं खणखणीत होती. मग महाथेरांनी विचारलं, "आई-वडील हायेत?"

"बाप गेला. माय हाय."

"तिची परवानगी घेतली?"

बापूरावांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. "भंते, मले नातवंडं हायेत."

"असू द्या. माय हाय ना? मायबापाच्या परवानगीशिवाय संघात कोणाले घेत नाई. राजाचा पोरगा असो की नातवंडांचा आजा. जा, विचारून या."

आणि मोहटोल्याचे अध्यक्ष दुपारच्या बसने आईची परवानगी आणायला परत गावी निघाले.

रुखमाबाई ऐंशीच्या घरातल्या. अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. बापूराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि लहानपणी जत्रेला जायला विचारावं तसं त्यांनी विचारलं. रुखमाबाईंचं सूप थांबलं नाही.

"काऊन पाह्यजे तुले चीवर?"

"धम्मासाठी, माय."

"खोटं."

सुपातला कोंडा उडाला.  या एका माणसापुढे बापूरावांचा आवाज कधीच चालला नव्हता.

"गुलाबच्या बरोबरीनं बसाले पाह्यजे तुले," रुखमाबाई म्हणाल्या. "मले समजते. बरं, जा. कोण्या का निमित्तानं होईना, गेला त काही शिकून येशील. माह्यी परवानगी हाय."

बापूराव उठले. परवानगी मिळाली याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण बसमध्ये बसल्यावर.

मुंडन झालं, चीवर अंगावर आलं, दहा शीलं घेतली. आता ते नुसते बापूराव नव्हते, श्रामणेर होते, संघाच्या दारातले उमेदवार. जेवणाची घंटा झाली तसे सगळे रांगेत बसू लागले. बापूराव सवयीने सगळ्यांत पुढे जाऊन बसले. महाथेर रांगेवरून चालत आले. बाहेरगावचे भिक्खू आले होते, त्यांना जागा लावून द्यायच्या होत्या. ते एकेकाला विचारत होते, "पावसाळे किती?"

"बारा," एक भिक्खू म्हणाले.

"सात," दुसरे म्हणाले.

ते दुसरे भिक्खू पन्नाशीचे तरी असतील. बापूरावांना त्यांची कीव आली. माणसाला साधी मोजणी येऊ नये?

महाथेर त्यांच्यापुढे उभे राहिले. "तुमचे?"

"एकसष्ट," बापूराव म्हणाले, आणि तेही डेपोवरच्या आवाजात.

रांगेत मागे कोणीतरी खोकलं. महाथेर हसले नाहीत. "ते घरचे झाले," ते म्हणाले. "इथचे किती? संघात वय आईच्या पोटापासून नाई मोजत. चीवर घेऊन, उपसंपदा म्हणजे पुरी भिक्खूदीक्षा होऊन किती वर्षावास काढले, तेवढं वय. तुमी त आज सकाळी डोकं केलं. इथचा एकही पावसाळा नाई तुमचा. मांगं जाऊन बसा."

बापूराव मागे गेले. आणि मागे म्हणजे अगदी मागे, एका कॉलेजातल्या पोराच्याही खाली, कारण त्या पोराचं मुंडन त्यांच्या आधी झालं होतं.

त्या दिवशी प्रवचनात महाथेरांनी शाक्य राजपुत्रांची गोष्ट सांगितली. ते दीक्षा घ्यायला निघाले तेव्हा त्यांचा न्हावीही बरोबर होता. राजपुत्र तथागतांना म्हणाले, आधी याला दीक्षा द्या, म्हणजे हा आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला याच्यापुढे वाकावं लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. गोष्ट बापूरावांना फार आवडली. गावात सांगायला हवी असं त्यांना वाटलं. ती आपल्याला सांगितली गेली असेल असं काही वाटलं नाही.

दहा दिवस त्यांनी निभावले, आणि चांगले निभावले. दुपारनंतर जेवण नाही, उंच बिछाना नाही, पैशाला हात नाही. तो नेम त्यांनी एकदाही मोडला नाही. पाठांतरात तर कॉलेजातली पोरं त्यांच्या मागे पडली. शेवटल्या दिवशी सगळ्यांनी चीवर परत दिलं, पँट-शर्ट घातले आणि एकमेकांचे पत्ते घेतले. बापूराव चीवरातच उभे होते.

"मले वर्षावासभर राहाचं हाय, भंते. मोहटोल्याले."

महाथेरांनी विचारलं, "तिथी गुणशील येणार हाय. त्याच्या हाताखाली राहाल?"

"राहीन."

"मंग पुढं जा. विहार झाडून-झुडून ठेवा. त्याचं आसन लावून ठेवा."

यातलं "पुढं जा" एवढंच बापूरावांच्या कानात शिरलं.

गावाने त्यांचं स्वागत मोठं केलं. अध्यक्ष चीवर घालून आले, हे बघायला रोवणी टाकून बाया आल्या. बापूराव विहारात गेले आणि सरळ आसनावर बसले. एकेक माणूस येऊन तीनदा वाकत होता. ज्याने विहिरीवरून भांडण केलं होतं तो वाकला, ज्याने मागल्या निवडणुकीत विरोधात मत दिलं तोही वाकला. बापूरावांना खोटं कशाला, फार बरं वाटलं.

मग काठी टेकत रुखमाबाई आल्या.

त्यांनी काठी बाजूला ठेवली. गुडघ्यावर बसायला त्यांना वेळ लागला. कपाळ जमिनीला टेकवायला त्याहून जास्त लागला. एकदा वाकल्या, उठल्या, परत वाकल्या. बापूरावांचे हात आपोआप पुढे आले होते, आईला धरायला. ते त्यांनी परत ओढले. चीवरातला माणूस गृहस्थाच्या वंदनाला उठत नाही, मग ती आई का असेना. तिसऱ्यांदा वाकून रुखमाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "चलतो, भंते." "बापू" म्हणाल्या नाहीत. 

घरही लांब गेलं होतं. अंजनाबाई बारा वाजायच्या आत ताट घेऊन यायच्या, लांबून वाढायच्या, हात जोडून जायच्या. "अजी" हा शब्द गेला होता. दुसऱ्या दिवशी सत्यशीलाबाई आल्या, वाकल्या, आणि बाजूला बसून म्हणाल्या, "भंते, अध्यक्षाची जागा खाली झाली. सध्या समितीतले देवाजीभाऊ काम पाहून राह्यले."

"खाली कशानं झाली?"

"समिती उपासक-उपासिकांची असते. चीवरधाऱ्यानं तिच्यात राहू नये, पैशाले हात लावू नये. तुमाले माहीत हाय."

"अन् लग्नं? दिवाळीनंतर दोन लग्नं हायेत."

"लग्न लावणं भिक्खूचं काम नाई, भंते. ते आशीर्वाद देतात. लग्न बौद्धाचार्य लावते, अन् बौद्धाचार्य घरदार असलेला पाह्यजे." सत्यशीलाबाईंच्या बोलण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं.

बापूरावांनी हिशेब केला. अध्यक्षपद गेलं, लग्नं गेली, बारशी गेली, आई गेली, बायको गेली, आणि रात्रीचं जेवण गेलं. हाती उरलं एक आसन. आता ते तरी सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. गुलब्याला मी दोन सालं भाकर दिली आहे. मी वर बसलेला दिसलो की त्याची हिंमत होणार नाही मला "उठा" म्हणायची. गुलब्या तसा मुळातच भिडस्त. आणि एकदा तो माझ्यापुढे वाकला की पुढचे तीन महिने कोण मोठं हा प्रश्न मोहटोल्यात निघायचा नाही. हे त्यांनी पक्कं मनाशी धरलं होतं, आणि त्यांची अटकळ, खरं सांगायचं तर, अगदी बरोबर होती.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी छोट्या गाडीने, म्हणजे नॅरोगेजच्या रेल्वेने, भंते गुणशील नागभीडला उतरले आणि चालत मोहटोल्याला आले. सगळं गाव विहारात बसलेलं होतं. पुढे देवाजी, सत्यशीलाबाई, मागे बाया, भिंतीला टेकून रुखमाबाई. मूर्तीच्या बाजूला आसनावर बापूराव, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून.

भंते दारात आले. अंग भरलं होतं, पण चेहरा तोच, जरा झोपाळू. गाव उठून उभं राहिलं. बापूराव उठले नाहीत.

नियम सोपा आहे. नव्याने जुन्याला बघून उठायचं, त्याच्या हातातलं भिक्षापात्र घ्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, वंदन करायचं. भंते गुणशील नऊ पावसाळ्यांचे. बापूराव कोऱ्या चीवराचे. भंते दारात थांबले, नियमाची वाट बघत. गावही थांबलं.  बापूरावांनी डोळे उघडले आणि पूर्वी धुऱ्यावरून बघायचे तसं त्यांच्याकडे बघितलं.

आणि भंत्यांचे खांदे खाली आले. हात एकमेकांकडे सरकले. कंबर हलकेच वाकायला लागली. ते ठरवून करत नव्हते. दोन सालं त्या नजरेखाली ज्या अंगाने काढली होती, ते अंग आपलं आपण वाकत होतं.

हेच तर बापूरावांना हवं होतं. यासाठीच त्यांनी डोकं मुंडलं होतं, उपास काढले होते, आईला पायाशी येऊ दिलं होतं. आणि ते समोर घडायला लागलं तेव्हा त्यांना ते बघवेना. कारण ते वाकणं त्यांनी ओळखलं. ते चीवरापुढचं वाकणं नव्हतं. त्यांचा बाप मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, दारात असाच वाकायचा, आधी खांदे, मग हात, मग कंबर, समोरच्याने काही म्हणायच्या आत. लहानपणी बापूराव बापाच्या मागे उभे राहून ते बघायचे आणि बापाचा त्यांना संताप यायचा. चांद्याला गेले ते ते वाकणं कायमचं बंद करायला. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्यापुढे वाकायचं नाही, जन्माने मोठा म्हणून कोणापुढे वाकायचं नाही. ही शपथ या गावाला त्यांनीच आपल्या तोंडाने दिली होती. आणि आज ते वाकणं ते स्वतः आसनावर बसून उकळत होते, बुद्धाच्या शेजारी बसून. त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बापूराव आसनावरून उठले. एकसष्ट वर्षांचा माणूस उठतो तसे नाही, ओंडका घसरायला लागला की मुकादम धावतो तसे. भंत्यांची कंबर पुरती वाकायच्या आत ते दारापर्यंत पोचले आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर आले. कपाळ टेकलं, उठले, परत टेकलं. तीनही वेळा पुरतं वाकले.

"सुखी होतु," भंते म्हणाले.  मग खाली झुकून, हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "भाऊ, मी वाकलोच असतो."

"मले माहीत हाय, भंते," बापूराव म्हणाले. "म्हणूनच म्या घाई केली."

त्यांनी पात्र घेतलं, पाणी आणलं, भंत्यांचे पाय धुतले, आणि आसनावरची आपली शाल उचलून ते आसन त्यांच्यासाठी झटकून लावलं. मग सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणाले, "भंते, मले आता घरी जाऊ द्या. चीवर मी गुलाबच्या बरोबरीसाठी घेतलं होतं, धम्मासाठी नाई. माह्या मायले आधीच समजलं होतं. मलेच उशीर लागला."

लोकांना वाटलं, आता भंते समजावतील, थांबवतील. भंते गुणशील म्हणाले, "चीवर घेता येते तसं उतरवताबी येते. त्यात लाज कशाची? कपडे आणा कोणी यांचे."

अंजनाबाई घरी धावत गेल्या. धोतर आणि सदरा घेऊन आल्या, आणि ते हातात देताना म्हणाल्या, "घ्या, अजी." विहाराच्या मागच्या खोलीत बापूरावांनी चीवर घडी करून ठेवलं. बाहेर आले तेव्हा टक्कल चमकत होतं आणि सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात होती. काही पोरी हसल्या. त्यांनी हसू दिलं.

चीवर उतरवलेल्या माणसाने परत उपासक व्हायचं तर भिक्खूकडे पंचशील मागावं लागतं. बापूराव चटईवर येऊन बसले, पुढच्या रांगेत नाही, रुखमाबाईंच्या शेजारी जिथे जागा होती तिथे. तीस वर्षं त्यांनी पंचशील गावाला दिलं होतं. नागपूरचे भंते आले की मागितलंही होतं, पण ते रीत म्हणून, ओठांवरून. आज त्यांनी हात जोडले, आसनावरच्या भंत्यांकडे मान वर करून पाहिलं, आणि "ओकास" म्हणाले, म्हणजे मला मागायची मुभा द्या. पुढचा शब्द त्यांना एकदम जमला नाही. रुखमाबाईंनी न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग तो आवाज आला, आलापल्लीचा, पुरा, टिनाच्या छताला लागणारा, आणि त्याच्या दमाला दम लावून सगळं मोहटोलं पंचशील मागायला लागलं.